वेताळ, बहादूर आणि फकिरा : चालू कथेचा हिशेब

मराठी समीक्षेने कॉमिक्सकडे कधी नीट पाहिलेले नाही. मुस्लिम मराठी समीक्षेने तर नाहीच नाही. आपण आत्मकथने वाचली, ग्रामीण कथेची चर्चा केली, मराठी गझलेवर वाद घातले. परंतु सातारा-सांगलीकडच्या दोन पिढ्या ज्या रंगीत चोपड्या एस.टी. स्टँडवर उभ्याने चाळत, भाड्याने आणत आणि हातोहात फिरवत वाढल्या, त्यांचा साहित्य म्हणून विचार करावा असे आपल्याला वाटले नाही. उर्दू शाळेतला मुलगा आणि मराठी शाळेतला मुलगा या चोपड्यांसाठी एकाच बाकावर बसत होते, एवढे एक कारणही त्यांच्याकडे वळून पाहायला पुरेसे आहे.

या लेखात एकच प्रश्न घेतला आहे. नायक तोच, गोष्टी मात्र शेकडो; अशा मालिकेत लेखक मागच्या गोष्टीचे पुढे काय करतो? इंग्रजीत त्याला ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. आपण कथासातत्य म्हणू. वरवर पाहता ही कारागिरीची बाब वाटते. नायकाचा भाऊ मागच्या अंकात मेला असेल तर या अंकात तो चहा पिताना दिसू नये, एवढेच. पण हा प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. नायकाला कालचा मार आज दुखतो का, हे विचारले की लेखक माणसाकडे आणि काळाकडे कसे पाहतो ते उघडे पडते.

वेताळाचे वतन

ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली वर्तमानपत्रातील चित्रमालिकेसाठी ‘फँटम’ निर्माण केला आणि 1999 साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच्या कथा लिहीत राहिला. त्रेसष्ट वर्षे एक नायक आणि एक लेखक, हे उदाहरण जगात विरळाच. टाइम्स समूहाने 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले ते याच नायकाच्या बळावर. मराठीत तो वेताळ झाला. 1990 मध्ये प्रकाशन थांबेपर्यंत इंद्रजालचे आठशेच्या वर अंक निघाले.

वेताळाची मूळकथा अशी. 1536 साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेल्या एका तरुणाने आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. तेव्हापासून बाप मेला की मुलगा तोच मुखवटा, तोच पोशाख चढवतो. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र वाटते, की चारशे वर्षे एकच माणूस जिवंत आहे.

आपल्याकडच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. हे सरळ वतन आहे. पाटील मेला तरी पाटीलकी मरत नाही. मुजावर बदलतो, दर्ग्यावरचा दिवा तोच राहतो. मुलाण्याचा मुलगा मुलाणकी पाहतो. वतनात माणूस येतो-जातो, जागा भरलेली राहते. फॉकने अमेरिकेत बसून वतनदारीचीच गोष्ट लिहिली, आणि कदाचित म्हणूनच ती वाळवा-खानापूरच्या वाचकाला इतकी जवळची वाटली.

या व्यवस्थेचा लेखकाला मोठा फायदा झाला. एक, नायक मरू शकतो. विसाव्या वेताळाचा मृत्यू सांगता येतो, सातव्याची किंवा तेराव्याची गोष्ट काढता येते. दोन, गुहेत प्रत्येक वेताळाने लिहून ठेवलेली बाडे आहेत. कोणताही जुना किस्सा त्यांतून बाहेर काढता येतो आणि तो खोटा वाटत नाही. फॉकच्या कथासातत्याचे दप्तर कथेतच ठेवलेले आहे. शिवाय तो प्रत्येक नव्या कथेच्या सुरुवातीला मूळकथा पुन्हा थोडक्यात सांगतो. शहरातल्या चोखंदळ वाचकाला ही पुनरुक्ती वाटेल. पण विटा किंवा कोरेगावला अंक क्रमाने कधी मिळत नसत. आधी तिसरा, मग सव्वीसावा, मग पान फाटलेला नववा. अशा वाचकासाठी ही सुरुवात म्हणजे तमाशातला गण होता. गण-गौळण ठरलेली, वग रोज नवा. कोणत्याही रात्री तंबूत शिरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळते.

फॉकचे आणखी एक श्रेय सांगितले पाहिजे. त्याने 1977 साली वेताळाचे डायनाशी लग्न लावले, 1979 साली त्यांना जुळी मुले झाली, आणि हे त्याने कधी मागे घेतले नाही. मालिका सुरू होऊन एकेचाळीस वर्षे झाल्यावर नायकाला संसारात घालणे सोपे नव्हते. वाचक जाईल अशी भीती प्रत्येक प्रकाशकाला असते. फॉकने ती जोखीम घेतली, कारण वतनाला वारस लागतो.

मग दोष कुठे आहे? दोष असा, की वेताळाला वारसा नाकारता येत नाही. एकवीस पिढ्यांत एकाही मुलाने बापाला हे का म्हणून विचारलेले लक्षात राहत नाही. आणि त्याहून मोठा दोष म्हणजे, चारशे वर्षे एक गोरे घराणे काळ्या माणसांच्या जंगलात न्याय करते आणि त्या माणसांना खरे काय ते सांगत नाही. त्यांचे अज्ञान हाच त्याच्या सत्तेचा पाया आहे. इंद्रजालच्या संपादकांना यातले काही टोचले असावे. मूळ मालिकेतल्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, ते भारतीय आवृत्तीत डेंकाली झाले. चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झाले. भारतीय वाचकाचा अपमान टाळण्यासाठी केलेली ही दुरुस्ती योग्यच होती. पण ती नावापुरती राहिली. सिंहासन होते तिथेच राहिले.

पुसून टाकलेले दिवस

अमेरिकेतल्या बाकी महानायकांची अडचण वेगळी होती. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन 1938 साली आला. त्याला वारस नाही आणि म्हातारपणही नाही. इटालियन विचारवंत उंबेर्तो एको याने 1962 सालच्या निबंधात ही अडचण नेमकी दाखवली. नायकाने काही केले, लग्न केले, मूल झाले, की तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल सरकतो. म्हणून त्याच्या आयुष्यात काही घडूच द्यायचे नाही. प्रत्येक गोष्ट संपली की पाटी कोरी. एखाद्या कथेत सुपरमॅनचे लग्न किंवा मरण दाखवायचेच झाले तर ‘ही काल्पनिक कथा आहे’ असे संपादक आधीच सांगून टाकत. म्हणजे बाकीच्या कथा काय ऐतिहासिक होत्या की काय!

स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांनी 1961 नंतर ही पाटी कोरी ठेवण्याची रीत मोडली. त्यांच्या स्पायडर-मॅनला भाड्याची चिंता आहे. त्याच्यामुळे मेलेला काका त्याला विसरता येत नाही. तो शाळेतून कॉलेजात जातो. मागच्या प्रसंगाचा उल्लेख आला की खाली तळटीप येते, अमुक अंक पाहा. त्या तळटिपेने वाचकाला सांगितले, की इथे काही वाया जात नाही. 1973 साली गेरी कॉनवे या लेखकाने स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, मारले. नायक तिला वाचवायला जातो आणि वाचवू शकत नाही. कालचा मार दुसऱ्या दिवशी दुखू लागला तो या लेखकांच्या हातून.

पण काही न विसरणाऱ्या कथेचा बोजा वाढत जातो. शेकडो अंक, दहा-वीस लेखक, एकाचे दुसऱ्याशी जुळेना. मग दुरुस्तीची वेळ येते. डीसी कंपनीने 1985-86 साली मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्याकडून बारा अंकांची एक महाकथा करवून घेतली. तिच्यात अनेक विश्वे नष्ट होऊन एकच उरते आणि जुना इतिहास नव्याने मांडला जातो. त्या कथेत सुपरगर्ल जगासाठी प्राण देते. पुढच्या मांडणीत ठरले, की ती कधी नव्हतीच. तिच्या बलिदानाची आठवण ठेवायलाही कोणी उरले नाही. मांडणी स्वच्छ झाली, पण एका मुलीचे मरण हिशेबातून गेले. 2007 साली स्पायडर-मॅनच्या बाबतीत तर याहून वाईट झाले. 1987 साली झालेले त्याचे लग्न सैतानाशी करार करून पुसून टाकले गेले. लेखकाला घटस्फोट लिहिता आला असता, भांडण लिहिता आले असते. संसाराला गोष्टीतूनच उत्तर देण्याऐवजी त्याने संसार झालाच नाही असे ठरवले. फॉकने लावलेले लग्न आणि हे पुसलेले लग्न शेजारी ठेवून पाहिले, की कारागिरीत कमी असलेला लेखक कधीकधी सचोटीत वरचढ कसा ठरतो ते दिसते.

जुन्या गोष्टीत नव्या सोयीप्रमाणे केलेला बदल वाईटच असतो असे मात्र नाही. डेंकालीचे उदाहरण वर दिलेच आहे. कसोटी एवढीच, की बदलाने कोणाचे दुःख झाकले गेले की उघडे झाले.

जाह आणि कमर

हा सारा खेळ पाश्चात्यांनी शोधला असे मानण्याचे कारण नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अमीर हमजाची दास्तान माहीत होती. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ती उर्दूत छापायला घेतली आणि पुढच्या तीन दशकांत तिचे सेहेचाळीस खंड झाले. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये शहरेच्या शहरे मावतात. त्या झंबीलसारखीच ही दास्तान होती. तिच्यातली सर्वांत लोकप्रिय कथा ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. तिचे पहिले चार खंड मुहंमद हुसेन जाह यांनी लिहिले. मग लेखक बदलला. पुढचे खंड अहमद हुसेन कमर यांच्याकडे गेले. जादूगार बादशहा अफ्रासियाब तोच, अय्यार तेच, हमजाचा नातू असद तोच, कथा मात्र दुसऱ्याच्या हाती. कमर यांनी आधीच्या लेखकाला कमी लेखले आणि आपणच खरे दास्तानगो असल्याचा दावा केला. मालिकेत लेखक बदलला की काय होते याचे याहून जुने आणि याहून रंगतदार उदाहरण आपल्याकडे दुसरे नसेल.

तरीही दास्तान तुटली नाही. कारण तिचे सातत्य एका लेखकाच्या मालकीचे नव्हते. ऐकणाऱ्यांना ती आधीच ठाऊक होती. दास्तानगोने काही बदलले तर समोर बसलेला श्रोता तिथेच टोकत असे. शिवाय दास्तानीत वय वाढते. हमजा म्हातारा होतो, मुले लढतात, नातू तिलिस्म फोडतो, शेवटी हमजाही जातो. एकोला जी अडचण सुपरमॅनमध्ये दिसली ती दास्तानीने कधीच सोडवली होती. तिने नायकाला मरू दिले आणि गोष्ट चालू ठेवली.

डाकूचा मुलगा

आता आबिद सुरतींकडे येऊ. 1935 साली गुजरातेत जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले सुरती गुजराती-हिंदीतले कथाकार, चित्रकार, व्यंगचित्रकार. ‘धर्मयुग’मधला त्यांचा ढब्बूजी अनेक मराठी घरांतही वाचला जाई. 1993 साली त्यांच्या ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2007 पासून ते मुंबईत घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करण्याची मोहीम चालवू लागले, म्हणून अलीकडच्या पिढीला ते त्या कामासाठी माहीत आहेत. त्यांनी 1976 साली इंद्रजालसाठी बहादूर निर्माण केला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची.

बहादूरच्या अंगात कुर्ता आणि जीन्स. मुखवटा नाही, अचाट शक्ती नाही. त्याचा बाप भैरवसिंह डाकू होता, पोलिसांच्या हातून मेला. मुलाला वाढवले ते विशाल या पोलीस अधिकाऱ्याने. मोठा होऊन बहादूर डाकूंशी लढतो, आणि एकटा लढत नाही. तो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो. सोबत बेला आहे, तीही लढणारी.

वेताळाशेजारी बहादूर ठेवला की सुरतींनी काय केले ते लक्षात येते. दोघांच्या मुळाशी मेलेला बाप आहे. वेताळाचा पूर्वज बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि ती शपथ वतन होते. बहादूरच्या बाबतीत बापच गुन्हेगार होता. मुलगा बदल्याचा वारसा घेत नाही, आणि बाप आपला नव्हताच असेही म्हणत नाही. तो डाकूचा मुलगा म्हणूनच उभा राहतो. वेताळाचे सातत्य लोकांपासून लपवण्यावर टिकले आहे. बहादूरचे सातत्य साऱ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीवर. म्हणूनच वेताळ एकटा सिंहासनावर बसतो आणि बहादूरला दल लागते. ज्याचा भूतकाळ उघड आहे त्याला लोकांचा विश्वास रोज नव्याने मिळवावा लागतो.

सुरतींनी नायकाला मुसलमान केले नाही. कोणी म्हणेल, बाजाराच्या भीतीने. मला तसे वाटत नाही. त्यांनी त्याहून खोल जागी हात घातला. बापाचा हिशेब लेकाकडे मागितला जातो, ही गोष्ट त्यांनी सांगितली. ज्यांनी केलेले नाही त्याचा जाब ज्यांना वारंवार द्यावा लागतो, त्या वाचकाला बहादूर कोण आहे हे नाव पाहून ओळखावे लागत नाही. हे सुरतींच्या मनात होते असा माझा दावा नाही. पण कथेत ते आहे, आणि वाचकाला ते घेण्याचा हक्क आहे.

पुढे बहादूरचे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेले. उप्पल यांच्या गोष्टी वेगवान आहेत, गुन्ह्यांची नवी रूपे त्यांत आली, नायकाचा वावर जयगढच्या बाहेर वाढला. मात्र माझ्या वाचनात बापाची सावली तिथे फिकट होत जाते. भैरवसिंह हळूहळू नुसती ओळख करून देण्यापुरता उरतो. म्हणजे माहिती टिकली, वेदना गेली. कथासातत्याचा सर्वांत फसवा प्रकार हाच. तपशिलात कोणतीही चूक सापडत नाही आणि तरी नायक दुसराच झालेला असतो.

वारणाकाठचा नायक

याच जागी आपल्या मातीतला एक नायक आठवतो. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म 1920 साली वाटेगावचा. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 ची. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा महानायकांच्या मालिकेतला नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाप आणि मुलगा, शपथ आणि वारसा हा धागा इथेही आहे, आणि या लेखातल्या सर्व लेखकांत तो अण्णा भाऊंनी सर्वांत कठोरपणे हाताळला आहे.

राणोजी आपल्या गावासाठी शिगावची जोगणी आणायला जातो आणि त्यात मारला जातो. फकिरा तेव्हा लहान आहे. बापाने गावाला मान मिळवून दिला. त्या मानाची किंमत पुढे मुलगा मोजतो. दुष्काळ पडतो, माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो. इंग्रज सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा तो स्वतः हजर होतो. कोणतीही घटना पुसली जात नाही. प्रत्येक पराक्रमाची वसुली होते, आणि ती नायकाकडूनच होते. अण्णा भाऊंना पुढचा अंक काढायचा नव्हता, म्हणून ते हे करू शकले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण म्हणूनच फकिरा आपल्याला मोजपट्टी देतो. मालिकेचा लेखक नायकाला वाचवतो तेव्हा ती किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकतो. ती कोणाच्या खात्यावर पडली, हे समीक्षकाने पाहावे.

फकिरा हे नाव फकीर या शब्दातून आलेले आहे. मांगवाड्यातल्या नायकाला हे नाव असावे आणि गावात कोणाला त्याचे नवल वाटू नये, हेही एक सातत्यच आहे. ते कोणी आखलेले नाही, जगून झालेले आहे.

सुटे चित्र

आता थोडे कथेबाहेरचे बोलणे भाग आहे. प्रतापगड सातारा जिल्ह्यात आहे. तिथे 10 नोव्हेंबर 1659 रोजी जे घडले ते आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. पण ती एका दीर्घ कथेतली एक चौकट आहे. त्याच कथेत शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम आहे, आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग आहेत, चिटणीशीत काझी हैदर आहे. आणि खानाच्या बाजूने वकिली करणारा कृष्णाजी भास्कर आहे. त्याच कथेत शत्रूचे दफन होते आणि त्याची कबर गडाच्या पायथ्याशी राहते. सलग वाचली तर ही दोन सत्तांच्या लढाईची कथा आहे. एक चौकट कापून भिंतीवर लावली की ती दोन जमातींची कथा होते.

2009 सालच्या गणेशोत्सवात मिरजेत स्वागत कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल पेटली आणि तिची झळ सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका चौकटीसाठी आजच्या दुकानांना आग लागली. कॉमिक्सच्या लेखकाने मागचे अंक गाळले तर फार तर वाचक चिडतो. गावाच्या कथेतले मागचे अंक गाळले तर माणसे एकमेकांना ओळखेनाशी होतात. कोणी आपल्याला म्हणते, तुमची गोष्ट अमुक सालापासून सुरू होते. कधी आपल्यातलेही कोणी म्हणते, की इथली माती, इथली बोली, इथले उरूस हे सारे वगळून गोष्ट नव्याने सुरू करू. ही दोन्ही माणसे त्या बारा अंकांच्या महाकथेतले संपादक आहेत. दोघांनाही एकच स्वच्छ विश्व हवे आहे.

याच मिरजेत दुसरेही सातत्य आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊबंद एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवू लागले. तलवारींचे दिवस सरले होते. हातातले कसब तेच राहिले, वस्तू बदलली. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांनी वेताळासारखा तोच पोशाख चढवला नाही आणि पूर्वज पुसलेही नाहीत. बहादूरने जे कथेत केले ते त्यांनी कारखान्यात केले.

कमला खान आणि पुढे

शेवटी एका नव्या नायिकेची नोंद घेऊ, कारण आपल्या मुली तिला पडद्यावर पाहत आहेत. मार्व्हल कंपनीची कमला खान 2013 साली प्रथम दिसली आणि 2014 पासून तिची स्वतंत्र मालिका निघाली. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी-अमेरिकन घरातली ही मुलगी ‘मिस मार्व्हल’ हे नाव एका जुन्या गोऱ्या नायिकेकडून घेते. सुरुवातीला रूपही तिच्यासारखेच घेते, आणि मग ते आपले नाही हे ओळखून टाकून देते. नाव ठेवते, चेहरा स्वतःचा ठेवते. विल्सनने घर, मशीद, आईची काळजी, फाळणीत तुटलेल्या घराची आठवण हे सारे त्या नावामागे उभे केले. 2015 साली पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे.

आणि 2023 साली कंपनीने तिला मारले, तेही तिच्या मालिकेत नाही, स्पायडर-मॅनच्या अंकात. दोन-तीन महिन्यांत ती परतलीही. विल्सनने जे पाच वर्षे जोडले होते ते दुसऱ्याच्या गोष्टीत खळबळ उडवायला खर्च झाले. ग्वेनच्या मरणानंतर पन्नास वर्षांनी तीच मालिका मरणाची किंमत विसरलेली दिसली. मोठ्या बाजारातला आपला नायक नेहमी दुसऱ्याच्या अंकात मरू शकतो, हा यातला धडा आहे.

म्हणून आपल्या लेखकांना एक विनंती. मुस्लिम मराठी कथेत एकेक उत्तम व्यक्तिरेखा आली आणि एका कथेत संपून गेली. मिरजेच्या तंतुवाद्याच्या दुकानात बसणारी एखादी मुलगी, कराडच्या बाजारातला एखादा बागवान, पाटणच्या शाळेतला एखादा शिक्षक असा कोणी पाच-दहा कथांतून चालत राहू द्या. त्याचे वय वाढू द्या, मागच्या कथेतले भांडण पुढच्या कथेत त्याला आठवू द्या. चित्रे काढणारी मुले सांगली-साताऱ्यात आहेत, त्यांनाही सोबत घ्या. आणि ज्यांच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे अंक अजून पडलेले असतील त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयात द्यावेत. क्रम नसला तरी चालेल. तो लावायची आपल्याला सवय आहे.